समाजकार्यालाही कागद लागतो
आमच्या वस्तीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले जवान बरेच. गुडघेदुखी ते डॉक्टरांना सांगतात. झोप लागत नाही, दारू सुटत नाही, हे मात्र लपवितात. त्यांना बोलते करणे, एखाद्या विधवेच्या ई.सी.एच.एस. कार्डाचे कागद जुळविणे, हे वैद्यकीय समाजसेवकाचे काम. "समाजकार्य आम्हाला कोण शिकविणार?" चळवळीत वाढलेली आमची मुले विचारतात. तळमळ आहेच, पण इस्पितळ पदवी विचारते. कोणत्याही शाखेची पदवी, पुढे दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू.; त्यात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य घ्यावे. रुग्णालयात प्रत्यक्ष कामही करावे लागते. मुंबईची टाटा संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकविते. १९९० पासून बौद्धांना केंद्राच्याही सवलती आहेत. जातीचा दाखला, पडताळणी आम्ही बारावीतच उरकून घेतो.