घरच्याईले कोनी सांगतलं का?

रोवणी आटोपली की आमच्याकडचा पाऊस बदलतो. आषाढात तो माणसांकडून काम करून घेतो. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या पाठीवर तो दिवसभर उभा असतो. भाद्रपदात मात्र सावकाश येतो, बांधीतल्या उभ्या धानावरून हात फिरवल्यासारखा सरकतो आणि तलावाच्या पारीपलीकडे निघून जातो. अशाच एका भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात 'गुमनाम' आला. तुमसरहून, बैलगाडीत. तणसाच्या जाड थरावर भाड्याचा रंगीत टीव्ही, त्याच्या शेजारी व्हीसीआर, आणि या सगळ्यावर घोंगडी. गाडीमागे आम्ही पोट्टे. तेव्हा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि आम्हांला जग तुमसरच्या बाजारापाशी संपतं असं वाटायचं.

एका रात्रीत तीन सिनेमे पाहायचे, असा तेव्हाचा शिरस्ता. पहिला देवाचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा खुनाचा, तो मध्यरात्रीनंतर, लहान पोरं झोपल्यावर. मी झोपलो नाही. आजीच्या मांडीला टेकून, तिच्या लुगड्याचा पदर तोंडात धरून मी ती हवेली पाहिली. विमानातून अनोळखी जागी उतरलेली माणसं, त्यांच्यासाठी आधीच लावून ठेवलेलं जेवणाचं टेबल, मेहमूदचा खानसामा, आणि मग एकेक करून पडत जाणारी प्रेतं. राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाचा हा १९६५ चा सिनेमा. त्याची मूळ कल्पना अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीची, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या रात्री कळलं ते इतकंच, की भीतीलाही गोडी असते.

आणि खुनी कोण हे उघड व्हायच्या जरासं आधी लाईन गेली.

आम्ही थांबलो. कंदील आले, विड्या पेटल्या, बेडकांचा आवाज मोठा झाला. लाईन आली नाही. व्हीसीआर सकाळी परत करायचा होता, त्यामुळे उजाडताच गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली, आणि आमचा खुनी तिच्याबरोबर निघून गेला.

त्यानंतर कितीतरी दिवस गावात तो खटला चालला. निंदणाला गेलेल्या बाया धुऱ्यावर बसून साक्षी द्यायच्या. धान गिरणीवर, तलावाच्या पारीवर, न्हाव्याच्या खुर्चीपुढे, सगळीकडे तेच. बहुतेकांचं मत प्राणच्या विरुद्ध गेलं होतं, कारण तो प्राण होता. एक म्हातारे आबाजी मात्र नंदावर संशय घेऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. आजी या सगळ्यात गप्प होती. एका संध्याकाळी चुलीपुढे मी तिला विचारलं, तुला कोण वाटतो? तिनं फुंकणी खाली ठेवली आणि मलाच विचारलं, "इतके लोकं मेले, त्याईच्या घरच्याईले कोनी सांगतलं का?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही. सिनेमालाही देता आलं नसतं. त्या मेलेल्यांना घरंच नव्हती. ती माणसं कोड्यातल्या सोंगट्या होती, एक उचलली की दुसरी पुढे सरकायची.

'गुमनाम'चा शेवट मी नागपूरला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहातल्या टीव्हीवर पाहिला. खुनी कोण ते इथं सांगणार नाही. रहस्यपटाचा शेवट फोडणं मला आजही चोरीइतकं वाईट वाटतं. पण तो कळला तेव्हा मी थोडा रिकामा झालो. गावानं महिनाभर रचलेल्या उत्तरांपुढे पडद्यावरचं उत्तर लहान होतं, आणि आजीच्या प्रश्नाला तर ते शिवतही नव्हतं.

आता भाचरं विचारतात, एखादी चांगली मर्डर मिस्ट्री सांगा ना. मी सांगतो, पण आधी आजीचं सूप हाती घेतो. पाखडलं की पुष्कळ सिनेमे कोंड्यासारखे उडून जातात. त्यांत चांगलेही असतात. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) मी कुणालाही आधी पाहायला सांगेन. वकिलाची बायको गेलेली, आणि हुबेहूब तोच चेहरा घेऊन एक बाई कोर्टात उभी. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा सिनेमा इतका घट्ट विणलेला आहे, की दोन वर्षांत राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला. चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'बिनधास्त' (१९९९) हा बायकांनीच पेललेला रहस्यपट, तोही पाहावा. निखिल महाजन यांचा 'पुणे ५२' पाहावा, त्यात गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेल्या खाजगी गुप्तहेराच्या थकलेल्या चेहऱ्यासाठी. पण सुपात मागे जड होऊन राहतात ते दाणे वेगळे आहेत.

त्यांतला पहिला दाणा कोरियाचा आहे, आणि तो पाहताना मला आपल्याच शिवारात आल्यासारखं झालं. बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर', २००३ चा. सिनेमा उघडतो तोच धानाच्या बांधीत. पिवळं पडलेलं, कापणीला आलेलं धान, वर मोठं आभाळ, आणि शेताच्या कडेच्या नालीवरच्या फरशीखाली एका बाईचं प्रेत. गावातला पोलीस वाकून आत बघतो. आजूबाजूला पोरं खेळताहेत, त्यातलं एक त्याच्या बोलण्याची नक्कल करतं. पुढच्या एका खुनाच्या जागी मातीत बुटाचा ठसा सापडतो. तो जपायला पोलीस ओरडत राहतात, आणि एक ट्रॅक्टर त्यावरून जातो.

तो ठसा पुसला गेला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. चिखलात उमटलेलं पाऊल किती वेळ टिकतं हे आम्हांला ठाऊक आहे. पऱ्हे उपटताना मागे राहिलेलं पाऊल पाण्यानं भरतं, त्यात क्षणभर आभाळ दिसतं, आणि मग चारी बाजूंची माती ते हळूच मिटवते. धानाच्या मुलखात पुरावा शोधणं म्हणजे पाण्याशी झगडणं. हा सिनेमा बनवणाऱ्याला ते माहीत आहे.

गोष्ट खरी आहे. सोलजवळच्या ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात बायका-मुलींचे खून होत राहिले. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. सिनेमातले पोलीस चुकतात, निरपराधांना मारतात, ठसे घालवतात, आणि शेवटी त्यांच्या हाती काही उरत नाही. उत्तर न देणारा रहस्यपट कोण पाहील? मी चार वेळा पाहिला. आमच्या लाईन गेलेल्या रात्रीची ती मोठी बहीण आहे. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून खरा गुन्हेगार कळला. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच तुरुंगात होता. आणि यांतल्याच एका खुनासाठी वीस वर्षं तुरुंगात काढलेला एक माणूस २०२० मध्ये निर्दोष ठरला. या सिनेमात मेलेल्यांची घरं दिसतात. शाळेतून परतणारी मुलगी दिसते, पावसातून जाणारी वाट दिसते, घरी वाट पाहणारं कुणीतरी आहे हे दिसतं. म्हणून पुढचा खून ही आपल्याला कोड्यातली एक खूण वाटत नाही, आपण तो होऊ नये म्हणून हात जोडतो.

आजीचा प्रश्न कुठून आला असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तो झाडीपट्टीच्या नाटकांतून आला. कापणी-चुरणी होऊन हाती चार पैसे आले की मंडई भरते, शंकरपट लागतो, आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडेस्तोवर चालतं. वैनगंगेपलीकडच्या वडशाहून मंडळ्या येतात. त्या नाटकांत खून असतो, खलनायक असतो, शेवटच्या अंकात शिट्टी वाजवत येणारा इन्स्पेक्टर असतो. पण खून झाला की नाटक थांबतं. मेलेल्याची आई येते, प्रेताचं डोकं मांडीवर घेते आणि रडते. ऑर्गन तिच्यामागे रडतो. शहरातल्या प्रेक्षकाला तो प्रसंग लांबलेला वाटेल. माझ्या लेखी नाटकातली सर्वांत न्यायाची घटका तीच. खुनी पुढे पकडला जाईल, पण त्याआधी मेला तो कुणाचा होता हे ठरलं पाहिजे.

मराठी सिनेमानं हे एकदा फार ताकदीनं केलं, 'सामना'मध्ये. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो गेला होता. लोक त्याला राजकीय चित्रपट म्हणतात. मी त्याला मराठीतला सर्वांत मोठा गुप्तहेरपट म्हणतो. यातला गुप्तहेर म्हणजे श्रीराम लागूंनी उभा केलेला दारूत बुडालेला मास्तर. त्याच्याकडे भिंग नाही, वर्दी नाही, बसायला जागा नाही. आहे तो एकच प्रश्न: मारुती कांबळे नावाचा एक माणूस होता, त्याचं पुढं काय झालं? निळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील त्याला घर देतो, जेवण देतो, दारू देतो, आणि त्या सगळ्यावरून तो प्रश्न ओला होऊन पुन्हा वर येतो. मारुती कांबळेच्या बाजूनं विचारणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून एका परक्या, तोल गेलेल्या माणसाला त्याच्या घरचं व्हावं लागतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला आरोपीही कांबळेच, शाहीर नारायण कांबळे. ती भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. नाट्यशाळेतून नाही, चळवळीतून आलेला माणूस. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं त्यांना नेलं. या सिनेमात खटला असा, की शाहिराचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. वकील बोलतात, तारखा पडतात, कलमं वाचली जातात. आणि मग मेलेल्याची बायको साक्षीला उभी राहते. चढउतार नसलेल्या आवाजात ती सांगते, की आत उतरण्याआधी नवरा खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. त्याचा एक डोळा गॅसनं गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. एवढंच. त्या दोन-चार मिनिटांत मेलेल्याला घर मिळतं, आणि सगळा खटला त्याच्या पायाशी लहान होऊन पडतो. नंतर बचावाचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काही काम असलं तर सांगा म्हणते.

इथं मला थोडं थांबावं लागतं. मोहाडी तालुक्याच्या माणसानं गुन्ह्याचे आवडते सिनेमे सांगत बसावं आणि खैरलांजीचं नाव घेऊ नये, हे होत नाही. २९ सप्टेंबर २००६. धान पोटरीत असण्याचे ते दिवस. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलं सुधीर आणि रोशन. प्रेतं कालव्यात सापडली. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं आणि त्यांतल्या सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा मात्र मानला नाही. आमच्या भागात हे वाक्य आजही कुणाच्या घशाखाली उतरत नाही. घरचे म्हणून भैयालाल भोतमांगे एकटे उरले. कोर्ट, मोर्चे, सभा, पत्रकार, इतकी वर्षं त्यांना तेच सांगावं लागलं. २०१७ च्या जानेवारीत तेही गेले. या घटनेवर मराठीत चित्रपटही झाला. तो मी कुणाला सुचवत नाही आणि टाळाही म्हणत नाही. खैरलांजी घडली तेव्हा आजी हयात नव्हती, याचं मला त्या वर्षी बरं वाटलं. तिचा प्रश्न तिनं आपल्याच तालुक्यात विचारला असता, तर मी काय सांगितलं असतं?

निशिकांत कामत यांच्या 'दृश्यम'बद्दल भाचरांशी माझा वाद होतो. मूळ मल्याळम, जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. कामतांनी तो २०१५ मध्ये हिंदीत, गोव्यात आणला. केबल चालवणारा, शाळा अर्धवट सोडलेला बाप रात्रंदिवस सिनेमे पाहतो आणि त्या शिदोरीवर आपलं कुटुंब वाचवतो. भाचरं त्याच्या हुशारीवर फिदा आहेत, मीही आहे. पण मी त्यांना शेवटाकडचा प्रसंग पुन्हा पाहायला लावतो. तब्बूनं साकारलेली पोलीस अधिकारी तिथं वर्दीशिवाय येते. नवऱ्याबरोबर, आई म्हणून. मुलाचं काय झालं एवढंच तिला हवंय. त्या क्षणी आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते मला चार वेळा पाहूनही ठरवता आलेलं नाही.

गेल्या दिवाळीत गावी होतो. अंगणात धानाची पुंजणी लागलेली, मंडईला दोन दिवस अवकाश. रात्री लॅपटॉपवर फ्रिट्झ लांग यांचा 'एम' लावला. १९३१ चा, जर्मन, काळापांढरा. बर्लिनमध्ये लहान मुली नाहीशा होताहेत. काकू भांडी आवरून येऊन बसली. खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी तिला वाचता येत नाहीत, आणि मीही काही समजावलं नाही.

पडद्यावर एक आई दुपारचं जेवण वाढून मुलीची वाट पाहते. घड्याळ वाजतं. जिन्यात पावलं येतात, ती दुसऱ्यांच्या मुलींची. ती दार उघडते, नाव घेऊन हाक मारते. रिकामा जिना दिसतो. माळ्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात. टेबलावर पालथी नसलेली, सुलटी ठेवलेली एक थाळी, शेजारी चमचा, आणि रिकामी खुर्ची. मग कुठूनतरी एक चेंडू गवतात घरंगळत येतो आणि थांबतो. खून दिसत नाही. खुनी अजून नीट दिसलेला नाही.

काकूनं माझ्या हातावर हात ठेवला.

"जेवन निवून गेलं ना तिचं," ती म्हणाली.