फ्रँकफुर्ट ते संगमेश्वर रोड

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावांना परदेश कधी लांब वाटला नाही. लांब होती ती मुंबई. आमच्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकजण पी अँड ओसारख्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते. त्यांतले काही तांडेल झाले, काही सारंग. ज्यांनी पुणं पाहिलं नव्हतं त्यांना लिव्हरपूलच्या गोदीतली थंडी ठाऊक होती. सुट्टीवर येताना मात्र मुंबईहून जयगडपर्यंत बोट, मग शास्त्री नदीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गाव गाठायचं. पुढे आखाताचे दिवस आले, बोटीच्या जागी रातराणी एसटी आली. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि मुंबई खऱ्या अर्थाने जवळ आली.

आता मुलं युरोपात आहेत. कुणी शिकायला, कुणी नोकरीला. पूर्वी बोटीवर एका गावची दहाजणं एकत्र असत, आखातातही एका खोलीत आठ. युरोपातून येणारा मात्र एकटाच येतो. कसबा, फुणगूस, माखजन अशा गावांतल्या घराघरांत हा एका दिवसाचा एकट्याचा प्रवास आता ओळखीचा झाला आहे, म्हणून तो नीट सांगावासा वाटतो.

समजा, जर्मनीतल्या स्टुटगार्टहून निघायचं आहे. डिसेंबरात तिथे सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे फजर घरी पढून निवांत निघता येतं. वेगवान गाडी सव्वा तासात फ्रँकफुर्टच्या विमानतळावर सोडते. स्टेशन विमानतळालाच लागून आहे, बॅग ओढत सरळ आत. दुपारचं विमान असेल तर ते सुटण्याच्या सुमारास जोहरची वेळ लागते. विमानतळावर नमाजसाठी खोल्या आहेत. आम्ही कोकणी बहुतेक शाफई. प्रवासात जोहर आणि असर एकत्र, दोन-दोन रकात, पढायची आम्हाला मोकळीक आहे. हनफी मित्र बरोबर असला तर तो कसर करतो, पण दोन नमाजा अशा एका वेळेत आणत नाही, आणि त्यावरून वाद घालण्याइतका वेळ बोर्डिंगच्या रांगेत कुणालाच नसतो.

विमान पूर्वेकडे, म्हणजे रात्रीच्या दिशेने उडतं. घड्याळात दुपारच असते, आणि दोन-अडीच तासांत खिडकीबाहेर सूर्य बुडतो. रोजा असेल तर हे लक्षात ठेवायचं: इफ्तार खाली जमिनीवरच्या शहराच्या वेळेने नाही, आपल्या डोळ्यांना वरून सूर्य मावळलेला दिसेल तेव्हा. हलाल जेवण तिकिटाबरोबरच सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. मगरिब आणि इशा मुंबईत उतरल्यावर एकत्र पढता येतात, तशी नियत मात्र मगरिबची वेळ निघून जाण्याआधी करायला हवी.

सहारला उतरेपर्यंत रात्रीचा दीड वाजलेला असतो. साडेचार तास हवेतच विरघळलेले असतात. आठ तासांत सहा-साडेसहा हजार किलोमीटर कापून आलेला माणूस इथे अडकतो, कारण तुतारी एक्सप्रेस मध्यरात्रीच दादरहून गेलेली असते. पुढची सोयीची गाडी सकाळची मांडवी, ७ वाजून १० मिनिटांनी शिवाजी महाराज टर्मिनसवरून. आता विमानतळापासून तिथपर्यंत भुयारी मेट्रो झाली आहे, पण ती उजाडताना सुरू होणार. सामान जास्त असेल तर टॅक्सीने ठाणं किंवा पनवेल गाठणं बरं. गाडीने महामार्गावरून यायचा मोह होतो. पण २०११ पासून चाललेल्या चौपदरीकरणाचा अनुभव ज्याने घेतला आहे तो स्टेशनवर फजर पढून मांडवीचीच वाट पाहतो.

मुली एकट्या येऊ लागल्या तेव्हा महरमचा प्रश्न घराघरांत निघाला. काही उलेमा वाट सुरक्षित असेल तर परवानगी देतात, काही देत नाहीत. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं. आमचं म्हणणं एवढंच की, फ्रँकफुर्टपेक्षा रात्री दीड वाजताचं सहार जास्त अवघड आहे. मुंबईतल्या भावाने, मामाने तिथे उभं राहावं.

मांडवी रोह्यानंतर डोंगरात शिरते. चिपळूण गेलं की झोप टाळायची. संगमेश्वर रोडला गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात एकट्याने दोन बॅगा उतरवायच्या असतात. इथे उतरायचं राहिलं तर पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, आणि मग थेट रत्नागिरी. बाहेरच्यांना संगमेश्वर ठाऊक असतं ते कर्णेश्वराच्या देवळामुळे आणि १६८९ साली संभाजी महाराज इथे पकडले गेले म्हणून. आमच्यासाठी ते उतरायचं स्टेशन आहे.

पण हा सगळा हिशेब खरा कधी मांडला जातो, तर गावाहून पहाटे फोन येतो तेव्हा. अब्बा गेले. गावात सहा वाजलेले, जर्मनीत रात्रीचा दीड. तिकीट लगेच मिळालं तरी विमान दुपारी, मुंबई पुढच्या रात्री, गाव त्या दुपारी. तीस तास तर सहज जातात. मय्यत पहाटेची असेल तर गावात जोहर किंवा असरनंतर माती होते. म्हणजे आपलं विमान निम्म्या वाटेवरही नसतं तोवर अब्बा कबरीत असतात. विमान, मेट्रो, रेल्वे काहीही असो, हा हिशेब जुळत नाही.

शीतपेटी आणून दोन दिवस थांबणारी घरं आहेत. आम्हाला ते पटत नाही. मय्यतीला उशीर करू नये हीच शिकवण आहे, आणि थांबायचं की नाही हे रडत्या आईला फोनवर विचारणं क्रूरपणाचं आहे. सुट्टीवर आलेल्या मुलाला "माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही" असं जेवताना सांगून ठेवणारे वडील आम्ही पाहिले आहेत. ऐकताना घास घशात अडकतो. पुढे त्याच मुलाला त्या वाक्याने किती आधार दिला, तेही पाहिलं आहे. जनाजा चुकला तरी शाफई मसल्यात कबरीवर जाऊन नमाज पढता येते. म्हणून मुलं निघतातच.

स्टेशनवर चुलतभाऊ रिक्षा घेऊन उभा असतो. सलाम होतो, गळाभेट होते, फार बोलणं होत नाही. रिक्षा घरी न जाता सरळ कबरस्तानाकडे वळते. जांभ्याच्या गडग्याआत लाल माती अजून ओली असते, वर रोवलेली हिरवी डहाळी थोडी सुकलेली. परत निघेपर्यंत कुणीतरी बॅगा घरी पोचवलेल्या असतात. मशिदीत असरची अजान होते. गाव आलं, कसर संपली. आता चार रकात पुऱ्या पढायच्या असतात.