रेहलचे तेलपाणी

आमच्या घरात कुराण शरीफ ज्या रेहलवर ठेवले जाते ती काश्मिरी अक्रोडाची आहे. एका अखंड फळीतून कोरून काढलेली. ना खिळा, ना बिजागरी. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी तिची पाती गुंतलेली आहेत. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन याने बाहेरून कारागीर आणून काश्मीरमध्ये ही कला रुजवली, असे परंपरा सांगते. अब्बांनी ती श्रीनगरहून आणली आणि हयातभर तिच्यावर तिलावत केली.

अब्बा गेल्यानंतर आम्हा भावंडांचे रेहलकडे नीट लक्ष गेले. कधीकाळी चढवलेले जाड वार्निश कोकणातल्या पावसाळ्यांनी पांढुरके होऊन पापुद्र्यांसारखे सुटत होते. फक्त वरच्या कडेला, रेहल उचलताना अब्बांचे अंगठे जिथे टेकत, तिथे वार्निशही नव्हते आणि पांढुरकेपणाही नव्हता. तिथले लाकूड झिजून खोलगट आणि काळेभोर झाले होते.

मिस्त्रींनी स्पिरिट पॉलिश सुचवले. म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. अम्मीने विचारले, "स्पिरिट म्हणजे दारूच ना रे?" घरात वाद रंगला. द्राक्ष-खजुरापासून न बनलेला अल्कोहोल अशा बाहेरच्या वापराला चालतो, असे हनफी उलेमांपैकी अनेकजण मानतात. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे मादक द्रव नापाक. धाकटा म्हणाला, "अम्मी, ते उडून जातं. मागे लाखच राहते." अम्मी म्हणाली, "उडून जातं, कळलं मला. पण रोज पहाटे हात मला लावायचाय."

या वाक्यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. आम्ही दुसरा मार्ग शोधला आणि हार्डवॅक्स ऑइलपाशी आलो. यात वनस्पतींची सुकणारी तेले असतात आणि कार्नौबासारखे कठीण मेण असते. ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर हे मेण धरते. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नौबाला ८० च्या वर तापमान लागते. तेल लाकडात मुरते आणि मेण वर राहून पाणी अडवते. वजूचे ओले हात रोज लागणाऱ्या वस्तूला आणखी काय हवे? डब्यावर 'व्हाइट स्पिरिट' हे शब्द दिसले तेव्हा पुन्हा कुजबूज झाली. पण ते रॉकेलच्या जातीचे, खनिज तेलातून निघणारे द्रावण. दारूशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

आता प्रश्न उरला कडेचा. वार्निश पुरते निघाल्याशिवाय तेल मुरत नाही, आणि हाताचा मेणचट थर राहिला तर तेल नीट सुकत नाही. आपा म्हणाली, "अब्बांचे हात पॉलिश पेपरने घासून काढायचे का?" बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी अम्मीनेच सांगितले, "घासा, पण सपाट करू नका."

नाकातोंडाला फडके बांधून आधी १०० नंबरचा, मग १५० नंबरचा पेपर रेषेच्या दिशेने फिरवला. त्याहून बारीक घेतला नाही. लाकूड फार गुळगुळीत झाले की तेल पीत नाही. खोलगट जागी पेपर बोटाला गुंडाळून दोनच हात दिले. काळा रंग बराचसा गेला, खळगा राहिला.

तेलाचा पहिला हात अगदी पातळ दिला. नक्षीच्या फुलांत साचलेले तेल जुन्या दातांच्या ब्रशने काढले, थोड्या वेळाने सगळे कोरड्या फडक्याने पुसले. बारा तासांनी दुसरा हात, पहिल्याहून पातळ. तेलाची फडकी पाण्यात भिजवून अंगणात पसरून वाळवली. चुरगळून कोपऱ्यात टाकली तर सुकताना आतल्या आत तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात.

राखाडी पडलेले लाकूड तेल लागताच तपकिरी झाले, रेषा उजळल्या. कडेला लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात. त्यांची तोंडे उघडी, म्हणून ती जास्त तेल पितात आणि जास्त गडद होतात. साऱ्या रेहलमध्ये सर्वांत गडद झाली ती वरची कडच, अब्बांच्या अंगठ्यांच्या खळग्यांसकट. अम्मीने तिथे बोट फिरवले आणि काही न बोलता आत गेली.

पुरते कडक व्हायला दोनतीन आठवडे लागतात. तोवर कुराण शरीफ स्वच्छ चादर घातलेल्या उशीवर ठेवले. आता पहाटे अम्मी त्याच रेहलवर वाचते. हा थरही एक दिवस झिजेल, पण वार्निशसारखा सगळा खरवडावा लागणार नाही. झिजल्या जागी साफसफाई करून तेलाचा एक हात पुरेल. डब्यात थोडे तेल उरले आहे. दरवर्षी शाबानमध्ये रेहल निरखायची आणि जिथे कोरडी दिसेल तिथे फडके फिरवायचे, असे आम्ही ठरवले आहे. पाळी कोणाची, यावरून मात्र आतापासूनच भांडण आहे.