तसबिरीची पाठ

तसबीर मढवायला आली की मढवणारा ती आधी पालथी घालतो. गिऱ्हाईक पुढच्या बाजूबद्दल बोलत असतं: काच तडकलीय, कोपरा सुटलाय, पट्टी जरा सोनेरी लावा. मढवणाऱ्याची नजर मात्र पाठीवर. खिळे किती गंजलेत, मागे लाकडी फळी आहे की पुठ्ठा, फटीवर चिकटवलेलं वर्तमानपत्र कुठल्या साली निघालेलं, यावरून चित्र घरात कधी आलं ते त्याला साधारण कळतं. का आलं, ते विचारावं लागतं.

पुण्यातल्या पेठेत वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे राजा रवि वर्मांच्या छापील लक्ष्म्या अजून येतात. रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळेवर, एकेका रंगासाठी वेगळी शिळा वापरून ही चित्रं छापली जायची. छाप एकच, म्हणजे घरोघरी लक्ष्मीही एकच असायला हवी. पण बायकांनी ती तशी राहू दिली नाही. कुणी तिला जरीची साडी चिकटवली, कुणी टिकल्या-मणी लावून दागिने घातले.

अशीच एक लक्ष्मी घेऊन एक तरुण आला. जर काळी पडलेली, कडेला कसर लागलेली.

“काका, हे कापड काढून टाका. चित्र स्वच्छ दिसू दे.”

काकांनी पकडीने खिळे उपसले, फळी बाजूला केली, भिंग लावलं. पदराचा काठ मापात कापून, निऱ्यांच्या रेषेवर नेमका बसवला होता.

“कुणी लावलंय हे?”

“काय माहीत!”

“मग आधी घरी विचारा. कात्री काय, उद्याही चालवता येईल.”

त्याने दुकानातूनच आजीला फोन लावला. काठ आजीच्या सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचा होता. शालू फाटला, तेव्हा उरलेला तुकडा लक्ष्मीला नेसवला. कापड राहिलं. काकांनी फक्त कडेने पातळ पट्ट्या बसवल्या, म्हणजे जर काचेला टेकणार नाही आणि दमट हवेत चिकटणारही नाही.

काही चित्रांची गोष्ट मात्र घरात चुकीचीच सांगितली जाते. हातात दिवा धरलेली, बोटांच्या आडून उजेड झिरपणारी बाई कितीतरी दिवाणखान्यांत आहे आणि ‘ही रवि वर्मांची’ असं पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलं जातं. ती सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्या जलरंगातल्या चित्राचं नाव. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवाळीत हातात दिवा घेतलेली त्यांची मुलगी गीता, हीच त्या चित्रातली बाई. गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. रवि वर्मा गेले १९०६ साली, म्हणजे गीताबाईंच्या जन्माच्याही आधी. एवढा हिशेब सांगितला की गिऱ्हाईक क्षणभर गप्प होतं, आणि मग जरा जाड पट्टी निवडतं.

सगळ्यात जास्त वेळ लागतो रुखवतातल्या वस्तूंना. मण्यांचा गणपती, दोसुतीवर भरलेला मोर, लोकरीची फुलदाणी. बाजारात यांना किंमत नाही, म्हणून मुलं ती माळ्यावर टाकतात. आई गेल्यावर खाली काढतात. भरतकाम उलटलं की खालच्या गाठी दिसतात, एखाद्या पाकळीत मधेच बदललेला दोरा दिसतो. रंग संपला होता की हात बदलला होता? धाकट्या बहिणीने ती पाकळी पुरी केली असेल, तर ते सांगणारं माणूस बहुधा आता उरलेलं नसतं.

म्हणून काकांचं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगणं असतं. तसबीर न्यायच्या आधी मागच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहा: कुणी केलं किंवा दिलं, कुठल्या साली, कशासाठी. बॉलपेन नको, दाबाने अक्षरं पुढे उठतात. मऊ पेन्सिल घ्या. पेन्सिल ते स्वतःच पुढे करतात.