कच्चा लिंबू

शुक्रवार, रात्र. नेरूळ.

मधल्या सुट्टीत विसरलेला डबा द्यायला गेले, तर मैदानात विषामृत रंगलं होतं. कुणीतरी ओरडलं, "तुझ्यावर राज्य!" आणि माझा लेक जागच्या जागी ताठ उभा राहिला. राज्य आलं म्हणजे धावायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इतर मुलांना न सांगता कळतं. "जाऊ दे रे, तो कच्चा लिंबू आहे," एक जण म्हणाला. मनात वाईट काहीच नव्हतं त्याच्या. पण कच्च्या लिंबाला कुणी बाद करत नाही, तसं मोजतही नाही. पोटात तुटलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत माझ्या लेकाची स्वमग्नता आहे. वाशीला दिव्यांगांसाठी महापालिकेचं ईटीसी केंद्रही आहे. पण मधली सुट्टी शेवटी मुलांच्याच हातात असते.

संध्याकाळी कागदावर चित्रं काढली. राज्य आलं, धाव. शिवलं की 'विष', थांब. 'अमृत' मिळालं की सुटका. मग हॉलमध्ये आम्ही दोघं आठ वेळा खेळलो. नवव्यांदा त्यानेच मला 'अमृत' दिलं, न सांगता. मी तशीच उभी राहिले क्षणभर.

खालच्या मजल्यावरची त्याची वर्गमैत्रीण आली होती. "काकू, ह्याला हार्बर लाइनची सगळी स्टेशनं पाठ आहेत ना? सोमवारी गाडी-गाडी खेळू."

झोपताना विचारत होता, "गाडी पनवेल की ठाणे?"

म्हटलं, "सोमवारी तिलाच विचार."