कंसाच्या तावडीत

बी. कॉम. झालेल्या माणसाला जगात फक्त एकच कंस ठाऊक असतो, तो म्हणजे ताळेबंदात तोट्याच्या आकड्याभोवती घालतात तो. दुसरा मथुरेचा. तिसऱ्याची आणि माझी गाठ कन्येने घालून दिली.

झाले असे, की आमच्या अण्णांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, आणि त्यांना वाचायची असते ती फक्त स्वतःची जमाखर्चाची वही. कन्या म्हणाली, “मी सगळं टाइप करते. पायथॉनची एक स्क्रिप्ट लिहिली की मोठ्या अक्षरांचा तक्ता तयार!” स्क्रिप्ट म्हटल्यावर मला गॅदरिंगचे नाटक आठवले. मी गप्प बसलो.

प्रयोग पहिला. काळ्या खिडकीत टोकदार कंसांची पलटण उभी राहिली. टेबल, टीआर, टीडी, पुन्हा टीडी. मी बँकेतला माणूस, मला वाटले टीडीएस कापताहेत. कन्या म्हणाली, “बाबा, हे एचटीएमएल आहे. फाइलमध्ये घालून ब्राउझरला दाखवायचं.” तिने फाइल केली, पण नावापुढे टीएक्सटी लावले. ब्राउझरने तीच पलटण जशीच्या तशी दाखवली. मग टीएक्सटी खोडून एचटीएमएल केले, आणि काय आश्चर्य! झकास तक्ता! नाव बदलल्याने नवरीचे भाग्य उजळल्याचे ऐकले नव्हते, फाइलचे मात्र उजळले.

तरीही ताळा पाहिल्याशिवाय पास करणे माझ्या रक्तात नाही. वही आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. बेरीज जुळली. पण १९९८ पासून २००१ पर्यंत ‘कॉलेज फी’पुढे अण्णांनी तीन ठिकाणी टोकदार कंसात इंग्रजी एल लिहिला होता. पडद्यावर एकही नाही!

“मी टाइप केलाय,” कन्या ठामपणे म्हणाली. मग कपाळावर हात मारून घेतला. “अहो, टोकदार कंसात इंग्रजी अक्षर आलं की ब्राउझरला तो हुकूम वाटतो. हुकूम छापायचा नसतो, पाळायचा असतो. ओळखीचा नसला तर गुपचूप गिळतो!” म्हणजे हाही कंस बाळांच्या जिवावर उठणाराच! त्यावर उताराही निघाला. स्क्रिप्टमध्ये एस्केप नावाचे एक फंक्शन घातले की ते कंसाच्या जागी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम लिहिते. मग ब्राउझर त्याला हुकूम न समजता मुकाट्याने कंसाचे चित्र काढतो. तिने ते घातले, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, पान ताजे केले. तिन्ही एल बोटभर उंचीचे होऊन समोर उभे राहिले.

“आजोबा, एल म्हणजे काय?”

अण्णा जरा थांबले. “लोन. पतपेढीचं. तुझ्या बापाच्या फीसाठी. आजीला कळू नये म्हणून इंग्रजीत.”

मला घरात ‘बोनस मिळाला’ असे सांगितले होते. तिन्ही वर्षे. मी तेव्हा बोनसचा हिशेब केला नाही, कारण तेव्हा मी कॉमर्स शिकत होतो. आता कर्जाच्या काउंटरवर बसून लोकांना जामीनदार विचारतो.

“मग फिटलं का?” कन्येने विचारले.

“पैसे फिटले,” अण्णा म्हणाले. “वसुली ही काय समोर बसलीय. लाल पेन्सिल घेऊन माझ्याच चुका काढतेय.”