अपघात जागेवर मिटवू नका

आज फवारणीचं नाही, खताचंही नाही. रस्त्याचं लिहितोय. टोमॅटोचे तोडे चालू झालेत, लेण्याद्रीकडून जुन्नरमार्गे नारायणगावला पिकअप पळायला लागल्यात. पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या निघतील. चतुर्थीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या वेगळ्याच.

मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या मोटारसायकलला पिकअपची धडक बसली. पिकअपवाला शेजारच्या गावचा, नात्यातला. चार माणसं जमली, "आपलाच माणूस आहे, कशाला पोलीस" म्हणाली आणि पाच हजारावर मिटलं. दवाखान्यात विचारलं तर यानं सांगितलं, घरात घसरून पडलो. पायाची जखम चिघळली, त्यात शुगर. दीड महिन्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मग मदत मागायला गेलो तर कागदावर अपघात झालेलाच नाही. तक्रार नाही, पंचनामा नाही, दवाखान्याच्या नोंदीत "घसरून पडला". दोन एकर बागायत आता वहिनी एकटी बघते.

म्हणून कोणाला दोष न देता, काय करायचं ते ओळीनं लिहितो.

पहिली दहा मिनिटं. गाडीचं इंजिन बंद करा, इंडिकेटर लावा. मागून येणाऱ्याला लांबूनच कळेल असं एकाला बॅटरी घेऊन उभं करा, बाजूनं फांद्या टाका. वळणावर आणि धुक्यात दुसरी गाडी येऊन आदळते ती यामुळंच. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. जागा सांगताना फाटा, पूल, मंदिर असं खुणेनं सांगा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. मान-पाठीला मार असेल तर ओढाओढ करू नका. गाडी पेटायचा धोका असेल तरच हलवा. पाणी पाजू नका. आपल्याकडं पहिलं पाणीच पुढं येतं, पण बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं आणि पुढं ऑपरेशन करायचं झालं तर अडचण होते.

चालतोय-बोलतोय म्हणून घरी नेऊ नका. गोपीनाथ मुंडे साहेब केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. ३ जून २०१४ ला दिल्लीत त्यांच्या कारला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, मार आतला होता, मानेला आणि यकृताला. त्यामुळं पोटात दुखणं, चक्कर, उलटी, गुंगी यातलं काही असेल तर डॉक्टर तपासेपर्यंत थांबायचं. आणि मागं बसलं तरी बेल्ट लावायचा.

मदत करणाऱ्यानं घाबरू नये. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात हे स्पष्ट झालंय: जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती नाही.

दवाखान्यात खरं सांगा. "रस्त्यावर अपघात झाला, अमुक गाडीनं धडक दिली" असंच सांगा आणि तशी एमएलसी नोंद झाली का ते विचारा. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार, ठरवून दिलेल्या दवाखान्यांत. तिलाही पोलिसांकडची नोंद लागते.

पोलिसांत कळवा. चालकानं जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं, हे कायद्यानं बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर जागा सोडा, पण थेट ठाण्यात जा. हद्द जुन्नरची का ओतूरची यात अडकू नका, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. गाड्या हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा: नंबर प्लेट, टायरच्या खुणा, रस्ता. दोन साक्षीदारांचे नंबर घ्या.

आता "आपलाच माणूस" याबद्दल. मंडळी, पिकअपवाला दरवर्षी थर्ड पार्टी विम्याचा हप्ता भरतो तो यासाठीच. गाडीचे कागद आणि लायसन नीट असतील तर भरपाई त्याच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. तक्रार म्हणजे वैर नाही. जागेवर मिटवलं की जखमी बुडतो आणि भरलेला हप्ताही वाया जातो. न्यायाधिकरणात दाव्याची कायद्यातली मुदत सहा महिने आहे, वकिलाकडं लवकर जा. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात.

शेतकऱ्याचं स्वतःचं. मुंडे साहेबांच्याच नावानं शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५, सातबारावरचा खातेदार आणि घरातला आणखी एक जण. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, तीस दिवसांत. सोबत सातबारा, पोलिसांचे कागद, दवाखान्याचे कागद. दुखवट्याच्या दिवसांत घरच्यांना हे सुचत नाही, तेव्हा गावातल्या कोणीतरी पुढं होऊन ते काम अंगावर घ्यावं.

एक शेवटचं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलेल्या मजुराला काही झालं तर विमा कंपनी बहुतेक हात वर करते आणि दावा मालकावर येतो. ट्रॉलीला स्वतःचा विमा आहे का, मागं रिफ्लेक्टर आहे का, हे आज संध्याकाळी बघून घ्या. आरसी, लायसन, विम्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि पोरांनाही दाखवून ठेवा कुठं आहे ते.